मांजर, मुंगी आणि टीचभर खोली

तुम्ही ज्या इंग्रजी कथेचा अनुवाद करताय, तिच्यात लंडनमधली एक भाड्याची खोली आहे आणि तिच्याबद्दल लेखक म्हणतो, ‘यू कुडन्ट स्विंग अ कॅट इन इट.’ पहिल्या खर्ड्यात तुम्ही लिहिलंत, ‘खोली इतकी लहान होती की तिच्यात मांजर गरगर फिरवता आलं नसतं.’ संपादकांनी समासात ‘मांजर का फिरवायचं?’ असं लिहून वाक्य बदललं: ‘खोलीत मुंगी शिरायलाही जागा नव्हती.’ तुम्हाला ते खटकलं, पण का खटकलं ते सांगता येईना. त्यात एका मित्राने सांगितलं की हे मांजर म्हणजे मांजर नव्हेच, तो जहाजावरचा चाबूक. म्हणून तुमचे तीन प्रश्न: अर्थ काय, मांजर आलं कुठून, आणि मराठीत लिहायचं काय.

तिसऱ्याचं अर्धं उत्तर आधीच देऊन टाकते. माझ्या मते संपादक चुकले आहेत आणि तुम्हीही. पण तुमची चूक मला जास्त आवडली.

अर्थात फार गूढ काही नाही. शेपटीला धरून मांजर गोल फिरवलं तर ते भिंतीवर आपटेल, इतकी जागा लहान. मी एकदा कार्यशाळेत फळ्यावर याचा हिशेबच मांडला होता. माणसाचा हात साधारण अडीच फूट. मांजर नाकापासून शेपटीपर्यंत आणखी तेवढंच. म्हणजे त्रिज्या पाच फूट आणि व्यास दहा. वर्गात एकदम हशा पिकला, कारण निम्मी मुलं मुंबईची होती आणि ‘दहा बाय दहाची खोली’ हे शब्द त्यांनी जन्मापासून ऐकले होते. इंग्रजांचं मांजर दहा बाय दहात जेमतेम फिरतं, आणि कपाट, पलंग, मोरी वजा केली की फिरत नाही. यात ध्यानात ठेवायची गोष्ट एवढीच की हे माप मोकळ्या जागेचं आहे. चार भिंतींमध्ये अंतर किती, एवढंच ते सांगतं. आत माणसं किती आहेत, याच्याशी त्याचा संबंध नाही. संपादकांचं वाक्य इथेच घसरलं, पण त्याकडे नंतर येते.

आधी वापराबद्दल, कारण मराठी माणूस इथे हमखास अडखळतो. याचं दुसरं रूप आहे ‘देअर इझन्ट रूम टू स्विंग अ कॅट’. इथे ‘रूम’ म्हणजे खोली नाही. ‘रूम’ म्हणजे जागा, वाव. म्हणून तिच्याआधी ‘अ’ लागत नाही. ‘देअर इझन्ट अ रूम टू स्विंग अ कॅट’ असं लिहिलंत तर अर्थ होतो, ‘मांजर फिरवण्यासाठी स्वतंत्र खोली नाही’. बंगल्यातल्या लोकांची तक्रार वाटावी तशी! आपल्याकडे ‘रूम’ हा शब्द खोली याच अर्थाने मुरलेला आहे, रूमवर जातो, रूम पार्टनर, वन रूम किचन. त्यामुळे ही चूक इंग्रजी चांगलं असलेल्यांकडूनही होते. बसमध्ये शेजारी उभा असलेला इंग्रज ‘इज देअर रूम फॉर वन मोअर?’ म्हणाला, तर तो एक माणूस मावेल का एवढंच विचारतोय.

हा प्रयोग जवळजवळ नेहमी नकारात येतो. ‘तिथे मांजर फिरवण्याएवढी ऐसपैस जागा आहे’ असं कौतुक इंग्रजीत सहसा कोणी करत नाही. केलंच तर ते मुद्दाम केलेला विनोद म्हणून. आणि तो बोलण्यातला, थट्टेतला आहे. सरकारी अर्जात, भाडेकरारात किंवा परीक्षेतल्या औपचारिक पत्रात तो घालू नये. एका विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या ग्रंथालयाची जागा अपुरी आहे असं प्राचार्यांना लिहिताना हा वाक्प्रचार वापरला होता. इंग्रजी निर्दोष होतं, पण पत्र वाचताना हसू येत होतं आणि मागणी त्या हसण्यात बुडाली.

आणखी एक. घर, खोली, स्वयंपाकघर, ऑफिस, दुकान, बोटीवरची केबिन यांच्याबद्दल हे म्हणतात. वेळ, पैसा, अधिकार यांच्याबद्दल म्हणत नाहीत. अंदाजपत्रकात हात आखडता घ्यावा लागतोय म्हणून ‘नो रूम टू स्विंग अ कॅट’ म्हटलं तर समोरचा गोंधळेल. तिथे ‘एल्बो रूम’ किंवा ‘विगल रूम’ चालतं. पहिल्यात कोपर हलवायला जागा आहे, म्हणजे मोकळीक. दुसऱ्यात थोडं इकडेतिकडे सरकायला वाव आहे, म्हणजे घासाघीस करण्यापुरती फट. मराठीत अनुक्रमे ‘मोकळीक’ आणि ‘वाव’ लिहा, कोपराच्या मागे लागू नका.

अमेरिकेत याच मांजराचा एक भलताच अवतार आहे आणि तो अनुवादकांना चकवतो. ‘यू कान्ट स्विंग अ डेड कॅट विदाउट हिटिंग अ लॉयर.’ इथे मांजर मेलेलं आहे आणि जागेची टंचाई मुळीच नाही. म्हणायचं असं की या गावात वकील इतके झालेत की मेलेलं मांजर भिरकावलं तरी एखाद्या वकिलालाच लागेल. मराठीत याला तयार उत्तर आहे: ‘इथे पैशाला पासरी वकील मिळतात.’ किंवा सरळ ‘दगड मारला तर वकिलाला लागेल’. एका मासिकाच्या अनुवादात मी याचं ‘वकिलांना तिथे जागा पुरत नव्हती’ असं झालेलं पाहिलंय. अनुवादकाने मांजर ओळखलं, पण ते कुठल्या देशातलं आहे हे पाहिलं नाही.

आता मांजर आलं कुठून. तुमच्या मित्राने सांगितलेली चाबकाची गोष्ट खूप पसरलेली आहे आणि ऐकायला झकास आहे. ब्रिटिश आरमारात शिक्षेसाठी नऊ दोऱ्यांचा, गाठी मारलेला चाबूक असे. त्याला ‘कॅट ओ’ नाइन टेल्स’ म्हणत, म्हणजे नऊ शेपट्यांचं मांजर. थोडक्यात नुसतं ‘कॅट’. पाठीवर उमटलेले वळ मांजराने ओरबाडल्यासारखे दिसत, म्हणून हे नाव, असं सांगतात. खालच्या मजल्यावर छत इतकं बुटकं की तिथे हा चाबूक उगारता येत नसे, म्हणून ‘चाबूक फिरवायला जागा नाही’, आणि म्हणून आपला वाक्प्रचार. इतकी वर्षं हे काम करून माझा एक अनुभव झालाय: एखाद्या इंग्रजी वाक्प्रचाराची उत्पत्ती जहाजावर नेऊन सोडली असेल आणि ती फारच नीट बसत असेल, तर जरा थांबावं.

इथे थांबण्याची कारणं आहेत. १६६५ साली, म्हणजे लंडनमध्ये प्लेगने थैमान घातलं त्याच वर्षी, प्लेगवर छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात हा वाक्प्रचार आलेला आहे. लेखक तिथे कोंदट, गलिच्छ जागांबद्दल बोलतोय आणि म्हणतो की ‘लोक म्हणतात तसं’ त्यांच्याकडे मांजर फिरवण्याएवढीही जागा नव्हती. ‘लोक म्हणतात तसं’ या शब्दांवर बोट ठेवा. म्हणजे १६६५ मध्येच तो रुळलेला, तोंडी खेळणारा प्रयोग होता. चाबकाला ‘कॅट’ म्हटल्याच्या माहितीतल्या छापील नोंदी त्यानंतरच्या आहेत, सतराव्या शतकाच्या शेवटच्या वीसेक वर्षांतल्या. १६९५ च्या एका नाटकामुळे ते नाव सर्वतोमुखी झालं. बोलण्यातला शब्द छापला जायला वेळ लागतो, त्यामुळे एवढ्यावर खटला जिंकला असं मी म्हणणार नाही. पण दुसरी गोष्ट जास्त वजनाची आहे. आरमारात फटके खालच्या अंधाऱ्या मजल्यावर मारतच नसत. ती शिक्षा सगळ्यांनी पाहावी म्हणून असे. सगळे खलाशी वर डेकवर गोळा करायचे, अपराध्याला लाकडी जाळीला बांधायचं आणि उघड्यावर फटके मारायचे. जिथे चाबूक फिरवायचाच नव्हता तिथे तो फिरवायला जागा नाही, ही तक्रार कोण करणार?

आणि तिसरं, जुने दाखले जहाजावरचे नाहीतच, घरांचे आहेत. १७७१ मध्ये आलेल्या स्मॉलेटच्या ‘हम्फ्री क्लिंकर’ या कादंबरीत वेल्समधला एक जमीनदार लंडनला येतो आणि पत्रात कुरकुरतो की इथल्या कुबट भाड्याच्या खोल्यांत मांजर फिरवण्याएवढीही जागा नाही. घरी त्याची ऐसपैस वाडी, आणि इथे हे. कोकणातला एखादा खोत गिरगावात लेकाकडे आला की असंच पत्र लिहील. तुमच्या कथेतली खोलीही लंडनचीच, भाड्याचीच.

मग खरं मांजर? त्या काळात इंग्लंडमध्ये मांजरांचे हाल करणं हा करमणुकीचा भाग होता, हे दुर्दैवाने खरं आहे. शेक्सपियरच्या एका विनोदी नाटकातही मांजर टांगून त्यावर नेम धरण्याचा ओझरता उल्लेख येतो, आणि तिथे कोणालाही त्यात वावगं वाटत नाही. अशा समाजात ‘मांजर गरगर फिरवणं’ ही कल्पना सहज सुचावी. म्हणून कोणी घर भाड्याने घेताना मांजर घेऊन जात होतं असं मात्र नाही. मला वाटतं हा मुळातच अतिशयोक्तीचा विनोद आहे, आणि त्याला कुठल्या प्रथेचा आधार लागत नाही. आपण ‘हत्तीच्या पायी देईन’ म्हणतो तेव्हा दाराशी हत्ती बांधलेला नसतो.

चाबकाची गोष्ट खोटी असली तरी ती पुसली जाणार नाही, आणि त्याचं मला नवल वाटत नाही. आपल्याकडे ‘ध चा मा करणे’ घ्या. नारायणराव पेशव्यांचा १७७३ मध्ये शनिवारवाड्यात खून झाला, ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, असं प्रत्येक शाळकरी मूल सांगतं. त्या कागदाबद्दल इतिहासकारांचं एकमत नाही, पण वाक्प्रचाराला त्याचं काय? माणसांना शब्दाबरोबर गोष्ट हवी असते. फक्त अनुवाद करताना त्या गोष्टीच्या भरवशावर शब्द निवडू नये. तुम्ही मित्राचं ऐकून ‘चाबूक उगारायला जागा नव्हती’ असं लिहिलं असतंत, तर एका साध्या, हसऱ्या वाक्यात उगाच रक्त सांडलं असतं.

आता संपादकांच्या मुंगीकडे.

इंग्रजी-मराठी वाक्प्रचारांच्या याद्यांमध्ये ‘नो रूम टू स्विंग अ कॅट’ समोर बहुतेक वेळा ‘मुंगी शिरायला जागा नसणे’ हेच दिलेलं असतं. दोन्हीकडे प्राणी आहे, दोन्हीकडे जागा नाही, म्हणजे जोडी जमली. पण जमत नाही. मुंगी शिरत नाही ती जागा लहान असते म्हणून नव्हे, भरलेली असते म्हणून. आषाढीला पंढरपुरात मुंगी शिरायला जागा नसते. गणपतीत लालबागला नसते. क्रिकेटच्या सामन्याला वानखेडेवर नसते, आणि ते तर केवढं मोठं मैदान! उलट, तुमच्या कथेतली खोली बघा. तिच्यात एक पलंग, एक खुर्ची आणि तो एकटा माणूस. तिथे मुंग्यांची वारी खुशाल जाईल.

मी मुलांना एक साधी कसोटी सांगते: मनातल्या मनात जागा रिकामी करून बघा. माणसं आणि सामान बाहेर काढल्यावरही तक्रार उरते का? उरत असेल तर इंग्रजी मांजर, नसेल तर मराठी मुंगी. तिळाचंही तसंच. ‘तीळ ठेवायला जागा नाही’ हे डब्याबद्दल, ट्रंकेबद्दल, ठासून भरलेल्या कशाबद्दलही म्हणता येतं. रिकाम्या लहान खोलीबद्दल नाही.

गर्दीसाठी इंग्रजीत वेगळी उपमा आहे, ‘पॅक्ड लाइक सार्डिन्स’, डब्यातल्या माशांसारखे रचलेले. मुंगीची खरी जोडीदार ती. सार्डिन म्हणजे आपली तारली. पण कोकणात तारली पाटीत ओतलेली दिसते, डब्यात ओळीने निजवलेली नाही. हवाबंद डब्यात सार्डिन भरण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये वाढला आणि इंग्रजी उपमेला ते चित्र तिथून मिळालं. म्हणून ‘तारल्यांसारखे कोंबलेले’ असं लिहिलं तर मराठी वाचकाला वास येईल, दाटी दिसणार नाही. आपण मेंढरं कोंबतो, कोंबड्या कोंबतो. लोकलबद्दल रेल्वेचाच एक शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभे प्रवासी. सकाळी सव्वाआठच्या विरार गाडीत ज्याने एकदा अंग घातलंय त्याला मासाही नको आणि मुंगीही नको.

मराठीत लहान जागेची भाषा कशी चालते, हे मी पुस्तकातून शिकले नाही. मी नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले. खोली १६० चौरस फुटांची, माणसं आठ, शिवाय गावाहून कोणी ना कोणी. या चाळी ब्रिटिशांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधल्या. त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, १८९६ मध्ये, मुंबईत प्लेग आला होता आणि त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट नेमून दाटीवाटीच्या वस्त्या मोकळ्या करायला सुरुवात झाली होती. लंडनच्या प्लेगच्या पुस्तकातलं ते मांजर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमचा मजला आठवला. वाक्प्रचार रोगराईच्या सावलीत जन्मतात असा काही सिद्धांत मला मांडायचा नाही, पण कोंदट खोलीचं वर्णन करणाऱ्या दोन शहरांना त्या वेळी एकच भीती होती, हे विसरता येत नाही.

तर आमच्याकडे जागेची तक्रार शरीराने व्हायची. ‘पाय पसरायला जागा नाही.’ ‘कूस बदलायला जागा नाही.’ रात्री अंथरुणं घातली की कोण कुठल्या कुशीवर झोपणार हे ठरलेलं असे, आणि एकाने कूस बदलली की ओळीने सगळ्यांना बदलावी लागे. आजोबा आणि मोठा भाऊ गॅलरीत झोपत, पाऊस आला की आत, आणि मग ‘अंग चोरून’ झोपणं आलं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आई आणि काकू उभ्या राहिल्या की ‘कोपराला कोपर लागतं’. मापाचे शब्दही हाताचेच, टीचभर, वीतभर, चिमूटभर सुद्धा. त्याशिवाय वस्तूंच्या उपमा आहेत, काडेपेटी, खुराडं, कोनाडा. इंग्रज मांजर फिरवून जागा मोजतो. आपण स्वतः आडवं पडून मोजतो.

एक शब्द मात्र या सगळ्यांपेक्षा मला प्रिय आहे, आणि तो आजच्या अनुवादांतून नाहीसा होत चाललाय: अडचण. आता त्याचा अर्थ फक्त संकट, समस्या असा उरलाय, इंग्रजी ‘प्रॉब्लेम’चा पर्याय. पण जागेची चणचण हाही त्याचा घरगुती अर्थ. ‘खोलीत फार अडचण झालीय, ते कपाट काढा.’ पाहुणा आला की आई म्हणायची, ‘जरा अडचण होईल, पण बसा.’ लहान जागा, जास्त सामान, थोडा संकोच आणि थोडं आदरातिथ्य, सगळं त्या एका शब्दात येतं. तुमच्या कथेत घरमालकीण भाडेकरूला खोली दाखवताना जे दिलगिरीचं वाक्य बोलते, तिथे हा वापरून बघा.

यातच एक शिष्टाचाराची बाबही आहे. इंग्रजीत स्वतःच्या घराबद्दल मांजर फिरवणं चालतं, तो नम्रपणा किंवा थट्टा ठरते. दुसऱ्याच्या घरात बसून म्हटलं तर तो उद्धटपणा. मराठीतही ‘आमची जागा म्हणजे काडेपेटी’ हे यजमानाने म्हणायचं. पाहुण्याने ‘छे हो, सुटसुटीत आहे’ म्हणायचं. हा ‘सुटसुटीत’ शब्द नंतर बिल्डरांनी उचलला. इंग्लंडमधले घरांचे दलाल त्याच कामासाठी ‘कोझी’ आणि ‘कॉम्पॅक्ट’ वापरतात. मांजर त्यांच्या जाहिरातीत कधीच सापडणार नाही. म्हणून कथेत हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे, हे आधी पाहायचं. निवेदक बोलत असेल तर ‘काडेपेटीएवढी खोली’ पुरेल. भाडेकरू स्वतःच्या खोलीबद्दल मित्राला सांगत असेल तर ‘झोपलं की पाय दाराबाहेर’ जास्त खुसखुशीत. चित्रपटाचं उपशीर्षक असेल तर विचारच नको, पडद्यावर वाचायला दोन-तीन सेकंद मिळतात, तिथे ‘केवढीशी खोली ही!’ लिहून मोकळं व्हावं. खोली पडद्यावर दिसतेच आहे.

एवढं असूनही मी वर म्हटलं की तुमची चूक मला जास्त आवडली. त्याचं कारण डिकन्सने दिलंय. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये भोळसट मिस्टर डिकना एक लहानशी खोली मिळते. डेव्हिडची घरमालकीण मिसेस क्रप तणतणते की तिथे मांजर फिरवण्याएवढीही जागा नाही. मिस्टर डिक पलंगाच्या पायथ्याशी बसून गंभीरपणे म्हणतात की पण मला मांजर फिरवायचंच नाही, मी कधीच फिरवत नाही, मग मला त्याचं काय? सगळी मजा वाक्प्रचार शब्दशः घेण्यात आहे. इथे तुम्ही ‘टीचभर खोली’ लिहिलंत तर मिस्टर डिकना बोलायला काही उरतच नाही. आणि मुंगी? ‘मुंगी शिरायला जागा नाही.’ ‘पण मी मुंगी पाळतच नाही.’ वाईट नाही. अशा ठिकाणी मी माझी कसोटी गुंडाळून ठेवीन आणि मुंगी घेईन, कारण वाचकाच्या ओळखीचा वाक्प्रचार मोडला तरच त्याला हसू येतं. मांजर शब्दशः ठेवलं तर आधी मांजर समजावून सांगायचं आणि मग विनोद करायचा, म्हणजे विनोद मेलाच.

याच उताऱ्यावर काही वर्षांपूर्वी एका कार्यशाळेत एका मुलीने तिसराच पर्याय दिला होता: ‘या खोलीत मांजराला आळस द्यायलाही जागा नाही.’ मांजर राहिलं, त्याला कोणी गरगर फिरवलं नाही, आणि मांजर पुढचे पाय लांब करून, पाठ ताणून आळस कसा देतं हे प्रत्येकाने पाहिलेलं असल्यामुळे माप डोळ्यांपुढे उभं राहिलं. मी तेव्हा ते नाकारलं होतं. म्हटलं, छान आहे, पण हा मराठी वाक्प्रचार नाही, तू घडवलेला आहे, आणि घडवलेला वाक्प्रचार रुळलेला असल्याचा आव आणतो. वर्ग माझ्या विरोधात होता. मिस्टर डिकसाठी मी अजूनही मुंगीच घेईन.

पण तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे, तुम्ही ती जाता जाता लिहिलीय. कथेच्या तिसऱ्या पानावर घरमालकिणीचं मांजर खरोखरच त्या खोलीत येतं आणि खिडकीच्या कठड्यावर बसून राहतं. मग पहिल्या पानावरचं मांजर लेखकाने सहज टाकलेलं नाही. तो ते आत आणायची तयारी करतोय. तुमच्या संपादकांनी पहिल्या पानावर मुंगी सोडली, तर तिसऱ्या पानावरचं मांजर कुठून तरी आलेलं एक जनावर होतं, एवढंच. ‘काडेपेटीएवढी खोली’ केलंत तरी तेच. तुमचं ‘गरगर फिरवता आलं नसतं’ निदान मांजर वाचवतं, पण वाचक तिथे ठेचकाळतो, आणि खोलीपेक्षा मांजर फिरवणाऱ्याच्या स्वभावाचाच विचार करायला लागतो.

तेव्हा त्या मुलीचं वाक्य तुम्ही घ्या. ‘खोली एवढीशी, मांजराला आळस द्यायचा तर दार उघडं ठेवावं लागलं असतं.’ दार मी जोडलंय, नको असेल तर काढा. संपादकांनी पुन्हा समासात ‘मांजर का?’ विचारलं तर त्यांना तिसरं पान उघडून दाखवा. आणि तिथे मूळ लेखकाने मांजराला फक्त बसवलेलं आहे, तुम्हीही फक्त बसवा. हात कितीही शिवशिवले तरी त्याला आळस द्यायला लावू नका.